तिकिटामागची बाकी

भरलेल्या बेळगाव-खानापूर गाडीत कंडक्टर दोन अनोळखी माणसांच्या मध्ये वीसची एक नोट धरतो. "ह्यांचे तेरा, तुमचे सात. उतरून वाटून घ्या." ज्याचा हात आधी पुढे येतो त्याच्या खिशात नोट जाते आणि दुसरा खानापूर येईपर्यंत त्या खिशावर नजर ठेवून बसतो. स्टँडवर उतरून दोघे चहाच्या गाड्यापाशी जातात. चहावाला मोड देत नाही, चहा देतो. नोट दोन कपांत संपते, तेरा-सातचा हिशेब दहा-दहावर मिटतो, आणि ज्याचे तीन रुपये गेले तो बिचारा काही बोलत नाही, कारण चहा गरम असतो.

सीमाभागात एरवी कशावरूनही भाषेचा वाद निघतो, पण सुट्ट्या पैशांवरून निघत नाही. कंडक्टर "चिल्लर इल्ला", म्हणजे सुटे नाहीत, म्हणाला की मागच्या सीटवरच्या, कन्नडचं अक्षर न येणाऱ्या म्हातारबुवांनाही ते कळतं. आपली चिल्लर ती त्यांची चिल्लरे, आपला रोकडा तो त्यांचा रोक्क. नोटेच्या पाठीवर पंधरा भाषांची जी पट्टी असते तिच्यात कन्नड चौथी आणि मराठी आठवी. मध्ये काश्मिरी, कोकणी आणि मल्याळम. गावाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली, ह्यावरून जिथे मोर्चे निघाले तिथे दहाच्या नोटेवर दोघी कधीच्या शेजारणी आहेत.

बस चालवणाऱ्या संस्थेवर रोख भाडं घेण्याची सक्ती असावी का, असा प्रश्न ह्या गाडीत कुणी विचारला तर कंडक्टर हसेल. रोकड नाकारतंय कोण? वायव्य कर्नाटक परिवहनची गाडी असो की कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडून येणारी एसटी, दोन्हींत रोख चालते. गळ्यात चामड्याची बॅग आहे, हातात मशीन आहे, मशीनवर क्यूआर कोडही आहे. मग सक्तीची गरज काय?

गरज आहे, कारण रोकड अशी हुकूम काढून एका दिवसात बंद होत नाही. ती विहिरीसारखी आटते. पाणी काढायला कुणाची मनाई नसते, फक्त पोहरा कोरडा वर येतो.

कंडक्टरच्या बॅगेतले सुटे पैसे येतात कुठून, हे आधी बघायला हवं. डेपोतून निघताना त्याच्याकडे फार मोठी सुटी रक्कम नसते. स्वतःच्या खिशातले पैसेही त्याला ड्यूटीच्या सुरुवातीला नोंदवावे लागतात, कारण वाटेत तपासणी पथक चढलं की आधी मशीनवरची विक्री आणि बॅगेतली रक्कम जुळवतात. रक्कम कमी निघाली तर प्रश्न आणि जास्त निघाली तर त्याहून मोठा प्रश्न. तेव्हा सुट्ट्यांचा खरा साठा म्हणजे प्रवासीच. आधीच्या स्टॉपवर चढलेल्यांनी दिलेल्या दहा-वीसच्या नोटा पुढच्या स्टॉपवरच्या शंभरच्या नोटेला मोड म्हणून जातात. बॅग म्हणजे फिरता हंडा.

ह्या हंड्यात सर्वांत जास्त चिल्लर ओतायच्या त्या बाजाराहून परतणाऱ्या बायका. भाजीची पाटी, दुधाचा रतीब, फुलांचे गजरे अशा व्यवहारात हाती येतात त्या नोटा दहाच्या आणि नाणी पाचची, आणि तीच बसमध्ये यायची. ११ जून २०२३ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या महिलांना साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास. ओळखपत्र दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं, त्या तिकिटाचं मूल्य सरकार महामंडळाला देणार. योजनेबद्दल कुरकुर करायचं कारण नाही. कित्येक बायका पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं तालुक्याला जाऊ लागल्या. पण हंड्याच्या दृष्टीनं पाहिलं तर एका दिवसात निम्मी गाडी चिल्लर देणाऱ्यांतून बाहेर पडली.

राहिलेल्या निम्म्यातून तरुण पोरं यूपीआयकडे गेली. उद्यमबागच्या कारखान्यातला कामगार, आरपीडी कॉलेजचा विद्यार्थी, मोबाईल दुकानातला पोरगा हे खिशात पाकीटच ठेवत नाहीत. मग रोख देणारा उरतो कोण? साठी ओलांडलेला पुरुष, ज्याला कर्नाटकच्या बसमध्ये पंचवीस टक्के सवलत आहे आणि म्हणून ज्याचं भाडं बरेचदा अडनिड आकड्याचं येतं. आणि एटीएममधून नुकताच बाहेर पडलेला, हातात पाचशेची कोरी नोट असलेला माणूस. एटीएममधून लहान नोटा निघत नाहीत हे दुखणं रिझर्व्ह बँकेलाही मान्य आहे. एप्रिल २०२५मध्ये तिनं बँकांना सांगितलं की सप्टेंबर २०२५ अखेर पंचाहत्तर टक्के आणि मार्च २०२६ अखेर नव्वद टक्के एटीएममध्ये किमान एका कॅसेटमधून, म्हणजे नोटांच्या कप्प्यातून, शंभर किंवा दोनशेची नोट मिळायला हवी. बरं झालं. पण सतरा रुपयांच्या तिकिटाला शंभरची नोटही मोठीच.

म्हणजे ज्यांच्याकडे सुटे होते ते रोख देईनासे झाले आणि ज्यांना सुटे हवेत तेच रोख देणारे उरले. कंडक्टर चिडतो तो माणसावर नाही, ह्या गणितावर. पण ऐकून घेतो म्हाताराच.

सीमेवर ह्या गणिताला आणखी एक वळण आहे. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. कोल्हापूरहून निपाणीला येणारी बाई कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडेपर्यंत अर्ध्या भाड्याची आणि पूल ओलांडल्यावर, कोगनोळीच्या बाजूला, पूर्ण भाड्याची. समजा हद्दीपर्यंतचं भाडं ४१ आणि पुढचं २०, तर हिशेब साडेवीस अधिक वीस. पन्नास पैसे आता व्यवहारात कुणाकडे नाहीत, त्यामुळे आकडा वर सरकणार आणि एक-दोन रुपयांची नाणी शोधावी लागणार. उलट बाजूनं, कर्नाटकच्या आंतरराज्य गाडीत शक्ती योजना लागू नाही. म्हणून बेळगावहून कोल्हापूरला निघालेली बाई हिशेबी असेल तर निपाणीपर्यंत साध्या गाडीनं फुकट येते आणि तिथून पुढचं तिकीट काढते. राज्यात पाकिटाला हात न लावता फिरणाऱ्या बाईला सीमा ओलांडताना मात्र रोख लागते, आणि तिच्याच घरात मोबाईल एकच असून तो मुलगा कामावर घेऊन गेलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

एसटीनं २०१८च्या भाडेवाढीत सुट्ट्यांचा त्रास टाळायला भाडी पाचच्या पटीत आणली होती. जानेवारी २०२५मध्ये १४.९५ टक्के वाढ झाली तेव्हा ती घडी मोडली. त्याच महिन्यात कर्नाटकानं पंधरा टक्के वाढ केली. दोन्ही राज्यांत भाडं ठरवणाऱ्यांनी टक्क्यांचा विचार केला. बॅगेत एक रुपयाची किती नाणी असतात ह्याचा केलेला दिसत नाही.

आता यूपीआयकडे वळू. क्यूआर दोन प्रकारचा असतो. एक छापील, कंडक्टरच्या गळ्यातल्या कार्डावर किंवा सीटच्या मागे चिकटवलेला. त्यात रक्कम प्रवाशानं स्वतः टाकायची, आणि पैसे खरंच आले की नाही हे कंडक्टरनं प्रवाशाच्याच पडद्यावर बघायचं. हिरवी टिकली दाखवणारी खोटी ॲप असतात हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. शिवाय छापील कोड बदलता येतो; महामंडळाच्या कोडाऐवजी स्वतःच्या खात्याचा कोड पुढे करणारा कंडक्टर निघाला तर प्रवाशाला कळायला मार्ग नाही. पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं तेवढं वाचावं, हाच उपाय. दुसरा प्रकार मशीनच्या पडद्यावर त्या तिकिटापुरता उमटणारा कोड. त्यात रक्कम आधीच भरलेली असते आणि पैसे आल्याचा निरोप थेट मशीनला मिळतो, मग तिकीट छापलं जातं. हा प्रकार उत्तम. पण त्याला दोन्ही बाजूंना नेटवर्क लागतं: प्रवाशाच्या मोबाईलला आणि मशीनमधल्या सिमकार्डाला. मध्ये दोघांच्या बँका आणि यूपीआयची यंत्रणा. पाच जागांपैकी एक जरी अडखळली तरी तिकीट अडतं.

रोख तिकिटाला ह्यातलं काही लागत नाही. टप्प्याटप्प्याचं भाडं मशीनच्या पोटातच असतं. कुठून, कुठे, किती माणसं एवढं दाबलं की कागद बाहेर येतो आणि विक्रीचा हिशेब नंतर डेपोत उतरवता येतो. मशीनच बंद पडलं तर जुन्या पद्धतीचे छापील तिकिटांचे गठ्ठे असतात. रोख व्यवहाराची ही ताकद सहसा कुणी मोजत नाही: तो मोडला तरी टप्प्याटप्प्यानं मोडतो, एकदम आडवा होत नाही.

जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे गाडी चढू लागली किंवा खानापूरहून हेम्माडग्याच्या रानात शिरली की मोबाईलच्या काड्या एकेक करून गळतात. चोर्ला घाटात तर त्या असतात ह्याचंच आश्चर्य वाटावं. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरून माणसं मैलोन् मैल चालत रस्त्याला येतात आणि मिळेल ती गाडी धरतात. ह्या रस्त्यावर क्यूआर कोड म्हणजे शोभेची वस्तू. यूपीआय लाइटनं पिन टाकायचा वेळ वाचतो, पण कोड स्कॅन करून पैसे पाठवायला नेटवर्क लागतंच. साध्या फोनवरून पैसे देण्याची १२३पे सोय मार्च २०२२पासून आहे. घरी निवांत बसून वीजबिल भरायला ती ठीक, पण हलत्या गाडीत आवाजी सूचना ऐकत बटणं दाबेपर्यंत उतरायचं गाव येईल. खरं तर अशा रस्त्यांना शोभेल असं एक कार्ड आहे. मार्च २०१९मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात दोन हजार रुपयांपर्यंतची शिल्लक कार्डातच साठवता येते आणि ती नेटवर्कशिवाय वळती होते. बसपासाइतकं सोपं. फक्त ते वाचणारं मशीन कंडक्टरच्या हातात हवं, आणि कार्डात पैसे भरायला कणकुंबीच्या माणसाला बेळगाव गाठायला लागू नये. बेळगाव गाठायला तिकीट लागतं!

वेळेचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. पंचेचाळीस माणसांची गाडी, त्यात बावीस पैसे देणारे पुरुष. प्रत्येकानं मोबाईल काढून, कुलूप उघडून, खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत कोडावर कॅमेरा स्थिर धरून, पिन टाकून तिकीट घ्यायला चाळीस सेकंद धरले तर पंधरा मिनिटं. नेमके पैसे हातात घेऊन बसलेल्यांना दहा-दहा सेकंद धरले तर चार मिनिटांच्या आत. पण शंभरच्या नोटा आणि "थांबा, बघतो" हे धरलं तर रोखही चाळीस सेकंदांवर जाते. म्हणजे वेग रोखीचा नाही, सुट्ट्यांचा आहे. उचगावसारख्या जवळच्या गावाच्या गाडीत हा फरक जीवघेणा ठरतो: पहिल्या दोन टप्प्यांत तिकिटं संपली नाहीत की तिकीट न काढता उतरणारा आणि तपासणीत सापडणारा, दोन्ही तिथेच तयार होतात.

सर्वांत वाईट अवस्था म्हणजे प्रवाशाच्या खात्यातून पैसे गेले आणि मशीनला निरोप आला नाही. अशा वेळी कंडक्टरपुढे दोनच वाटा असतात. प्रवाशाच्या पडद्यावर विश्वास ठेवून रोख तिकीट मारलं तर संध्याकाळी डेपोत तेवढी रक्कम बॅगेत कमी भरते आणि ती त्याच्या खिशातून जाते. तिकीट दिलं नाही तर पैसे दिलेला माणूस कागदावर विनातिकीट ठरतो. तिसरी वाट म्हणजे "आत्ता रोख द्या, ते पैसे परत येतील." ते येतात हे खरं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला किंवा सेवा देणाऱ्याला केलेला यूपीआय व्यवहार असा अडकला तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. पण जो रोख नाही म्हणून यूपीआय करत होता त्याला "आत्ता रोख द्या" म्हणणं ही थट्टाच.

कायदा ह्या सगळ्यात कुठे उभा आहे? मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम १७८मध्ये विनातिकीट प्रवाशाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, हे बसमधल्या पाटीमुळे सर्वांना ठाऊक. त्याच कलमाचा दुसरा भाग पाटीवर नसतो: प्रवाशानं भाडं पुढे केलं असता जाणूनबुजून किंवा हयगयीनं ते न स्वीकारणाऱ्या, किंवा भाडं घेऊन तिकीट न देणाऱ्या कंडक्टरलाही पाचशेपर्यंत दंड आहे. १९८८ साली भाडं पुढे करणं म्हणजे हातातले पैसे पुढे करणं. दुसरा अर्थच नव्हता. म्हणजे एका अर्थी रोख घेण्याची सक्ती आहेच. खोच अशी की ती कंडक्टरवर आहे. बॅगेत चिल्लर नाही, डेपोनं दिलेली नाही, भाडं ठरवताना कुणी विचारलेलं नाही, आणि नकाराचा गुन्हा मात्र त्याचा.

नाण्यांबद्दल २०११चा नाणे कायदा सांगतो की एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात असं रिझर्व्ह बँकेनं २०१८मध्ये स्पष्ट सांगितलं, तरी आजही कित्येक दुकानांत ते नाणं परत सरकवलं जातं. दुकानदार घेत नाही म्हणून प्रवासी घेत नाही, प्रवासी घेत नाही म्हणून कंडक्टर घ्यायला बिचकतो. ह्या साखळीत चूक कुठल्याच एका कडीची नाही, आणि दंड होईल तर मधल्या कडीलाच.

वकिली पद्धतीनं कुणी म्हणेल की कायदेशीर चलन म्हणजे देणं फेडायला चालणारा पैसा. देणं निर्माण होण्याआधीच "रोख घेणार नाही" अशी अट घातली तर कायदा आड येत नाही. दुकानाबाबत हा मुद्दा टिकेलही. पण आपल्या बसमध्ये माणूस आधी चढतो, गाडी सुटते आणि मग भाडं मागितलं जातं. तोवर देणं झालेलं असतं. सांबऱ्याच्या पुढे गेलेल्या गाडीत "रोख चालत नाही" हे सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला, प्राप्तिकर कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम २६९एसयूनं पन्नास कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना यूपीआयसारखी साधनं ठेवणं बंधनकारक केलं. डिजिटल पैसे घ्याच, असं मोठ्या धंद्यांना सांगणारं कलम आहे. रोकड घ्याच, असं त्याच सरळपणे सांगणारं त्याचं भावंड नाही. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा पहिले बहात्तर तास त्या जिथे चालणार होत्या त्या मोजक्या जागांत सरकारी बसच्या तिकीट खिडक्या होत्या. माणसाला घरी पोचण्यापासून अडवता येत नाही, हे तेव्हा दिल्लीलाही सुचलं होतं.

रोकड बंद करण्याच्या बाजूनं हटकून लंडनचं नाव घेतलं जातं. तिथे ६ जुलै २०१४पासून बसमध्ये रोख घेत नाहीत. बंद केली तेव्हा रोख देणारे एक टक्क्याहूनही कमी उरले होते, कार्डात पैसे भरायची दुकानं गल्लोगल्ली होती, आणि कार्डात पैसे कमी पडले तरी एक फेरी उधार करू देण्याची सोय त्याच बदलात आणली गेली. शेवटचा मुद्दा आपल्याकडे कुणी सांगत नाही. लंडननं रोकड काढली तेव्हा अडलेल्या माणसाचा भार बसनं उचलला. आणि तिथे एक बस चुकली तर दुसरी येते; आपल्या वस्तीच्या गाडीला दुसरी नसते. संध्याकाळी जाऊन गावातच मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी ती एकच.

रोखीची बाजू घेताना तिचे दोष झाकायचं कारण नाही. रोज रात्री डेपोत नोटा मोजणं, फाटक्या वेगळ्या काढणं, बँकेत नेणं ह्याला माणसं लागतात. निम्मे पैसे घेऊन तिकीट न मारण्याची जुनी युक्ती रोखीतच जमते, आणि तिच्यात प्रवासीही भागीदार असतो. चोरीची भीती रात्रीच्या गाडीला असतेच. यूपीआयनं ह्यातलं बरंच कमी केलं. म्हणून दोन्ही ठेवावीत. पण "दोन्ही ठेवा" एवढं म्हणून भागत नाही, कारण आज दोन्ही आहेत आणि तरीही वीसची नोट चहात जाते.

सक्ती करायची तर ती महामंडळावर हवी आणि तिच्यात चिल्लर यायला हवी. गाडीमागे पाचशे रुपयांची सुटी रक्कम डेपोनं मोजून द्यावी आणि रात्री मोजून घ्यावी: दहाच्या वीस नोटा म्हणजे दोनशे, पाचची तीस नाणी म्हणजे दीडशे, दोनची पन्नास म्हणजे शंभर, एकची पन्नास म्हणजे उरलेले पन्नास. ती वे-बिलावर, म्हणजे कंडक्टरच्या फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, वेगळी नोंदली की तपासणीत गोंधळ नाही. वजनाची तक्रार कंडक्टर करतील, आणि खरी आहे. म्हणून नाणी दोन पिशव्यांत, एक ड्रायव्हरच्या मागच्या पेटीत. डेपो हे बँकेचं मोठं गिऱ्हाईक असतं. नाण्यांच्या पिशव्या मिळवणं एका कंडक्टरला अवघड, डेपोला नाही.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे भाडं जवळच्या पाचावर आणणं. २६ आणि २७चे २५, २८ आणि २९चे ३०. सगळे आकडे सारख्या प्रमाणात आले तर दोन गट सोडतात तीन रुपये आणि दोन गट मिळवतात तीन रुपये. महामंडळाचं काही जात नाही. नेहमी वरच सरकवायचं ठरवलं तर मात्र जातं प्रवाशाचं, आणि सवय तीच असते. सवलत लावून झाल्यावर आलेल्या आकड्यालाही हाच नियम हवा, नाहीतर म्हातारबुवांची पंचवीस टक्के सवलत पुन्हा चिल्लरीत अडकते.

अडकलेल्या यूपीआयसाठी मशीनमध्ये रोख आणि ऑनलाइन ह्यांच्या जोडीला तिसरा पर्याय हवा: "पडताळणी बाकी". प्रवाशाच्या पडद्यावरच्या बारा अंकी व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकायचे, तिकीट द्यायचं, दुसऱ्या दिवशी कार्यालयानं जुळवायचं. पैसे आले नसतील तर तूट महामंडळाची. काही जण लबाडी करतील. ती रक्कम आज कंडक्टर आणि प्रवासी मिळून सोसतात, एवढाच फरक. गाडीत नेटवर्क नसेल आणि खिशात रोखही नसेल तर ह्याच पर्यायातून उधार तिकीट देता यावं. आणि रोख न घेणारी गाडी काढायचीच असेल तर ती बेळगाव-बेंगळुरू स्लीपरसारखी आधी आरक्षण होणारी असावी, कणकुंबीची वस्तीची नको.

ह्यातलं काहीच झालं नाही तर माणसं थांबणार नाहीत. निपाणी-संकेश्वरच्या बाजूला वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्या, आहे, खानापूरकडे टेंपो आहेत. तिथे ड्रायव्हर पाचशेची नोट घेऊन समोरच्या किराणा दुकानातून मोड आणतो, कारण भाडं बुडालं तर त्याचं स्वतःचं बुडतं.

मग उरते तिकिटामागची बाकी. चिल्लर नसली की कंडक्टर तिकीट उलटं करून पेननं "१३" लिहितो, भोवती गोल काढतो आणि म्हणतो, उतरताना घ्या. ही पद्धत छापील तिकिटांच्या काळापासूनची. तेव्हा कागद जाडसर होता, शाई बसायची आणि तिकिटाचा नंबर छापखान्यातून आलेला असायचा. आजचं तिकीट उष्णतेनं अक्षरं उमटणाऱ्या कागदाचं. त्याचा लेप पुढच्या बाजूला असतो, मागे साधा कागद. गर्दीत बाकी घ्यायची राहिली तर माणूस तिकीट जपून ठेवतो आणि पुढच्या खेपेला त्याच गाडीत दाखवतो. खिशातल्या घामानं आणि वैशाखातल्या उन्हानं तोवर पुढच्या बाजूची तारीख, गाडी आणि नंबर पुसट झालेला असतो. मागे पेननं लिहिलेले तेरा रुपये मात्र ठळक दिसतात. फक्त ते कुणाकडून यायचे, हे कुठेच वाचता येत नाही.